विद्युतप्रभाराची एकके आणि त्यांचे रूपांतर

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. रुपयाचे मोल बदलले नाही, मोजण्याची रीत तेवढी बदलली. तरीही एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, हा हिशेब अंगवळणी पडेपर्यंत दुकानदार व गिऱ्हाईक या दोघांनाही कोष्टक जवळ बाळगावे लागले. पाठोपाठ शेर व मण जाऊन किलोग्रॅम आणि क्विंटल आले. मोजमापाची पद्धत बदलते तेव्हा ज्याला रूपांतर येते तो फसत नाही, हा त्या काळाचा धडा होता.

आज तसाच प्रसंग विजेच्या बाबतीत आला आहे. गावोगावी सौर पथदिवे उभे राहिले आहेत. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात संगणक आहे आणि वीज गेली असता तो चालू ठेवणारी बॅटरी आहे. शाळांत डिजिटल फलक आले असून भ्रमणध्वनी तर घराघरांत पोहोचला आहे. या प्रत्येक साधनाच्या बॅटरीवर काही आकडे छापलेले असतात. कोठे '१५० अँपिअर-तास', कोठे '५००० मिलिअँपिअर-तास' असे लिहिलेले आढळते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मात्र त्याच राशीसाठी 'कूलोम' हे एकक दिलेले असते. ही सारी विद्युतप्रभार मोजण्याची एकके आहेत. त्यांचा परस्परसंबंध कोणता, एकातून दुसऱ्यात रूपांतर कसे करावे आणि या आकड्यांवरून काय ठरवता येते व काय येत नाही, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रभार आणि धारा

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असून अणूमध्ये ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन आणि धन प्रभाराचे प्रोटॉन असतात. सर्वसाधारण स्थितीत दोहोंची संख्या सारखी असल्यामुळे पदार्थ उदासीन राहतो. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, कारण घर्षणाने काही इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर गेलेले असतात. अशा रीतीने कमी किंवा जास्त झालेली विजेची जी राशी, तिला विद्युतप्रभार म्हणतात. हाच प्रभार तारेतून वाहू लागला म्हणजे त्या वाहण्याच्या वेगाला विद्युतधारा असे नाव दिले जाते.

ओढ्याच्या पाण्याचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होतो. सेकंदाला किती लिटर पाणी वाहते, हा झाला प्रवाह. तासाभरात एकूण किती लिटर पाणी वाहून गेले, ही झाली राशी. विद्युतधारा अँपिअरमध्ये मोजतात, प्रभार कूलोममध्ये मोजतात आणि दोहोंना जोडणारे सूत्र अगदी सोपे आहे :

प्रभार = विद्युतधारा × काल

तारेतून १ अँपिअर धारा १ सेकंद वाहिली, तर १ कूलोम प्रभार वाहून गेला, असा त्याचा अर्थ होय. पुढील सर्व रूपांतरे या एका सूत्रातून निघतात.

कूलोमचा आकार

चार्ल्स ऑगस्टीन द कूलोम (१७३६-१८०६) हे फ्रान्सच्या सैन्यातील अभियंते होते. त्यांनी १७८५ मध्ये पीळतुलेच्या साहाय्याने दोन प्रभारांमधील आकर्षण व प्रतिकर्षण मोजून त्याचा नियम मांडला. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने प्रभाराच्या एककास त्यांचे नाव दिले.

कूलोम हे एकक लहान की मोठे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. १ कूलोम प्रभार दिलेल्या दोन छोट्या वस्तू एकमेकींपासून १ मीटर अंतरावर ठेवता आल्या, तर त्यांच्यातील बल सुमारे ९०० कोटी न्यूटन, म्हणजे सुमारे ९ लाख टन वजनाइतके भरेल. या दृष्टीने कूलोम फारच मोठा आहे. कंगव्यावरचा किंवा प्रयोगशाळेतील काचकांडीवरचा प्रभार म्हणूनच मायक्रोकूलोम अथवा नॅनोकूलोममध्ये सांगतात. १ कूलोमचे १० लाख मायक्रोकूलोम आणि १०० कोटी नॅनोकूलोम होतात.

वाहत्या विजेच्या बाबतीत चित्र उलटे दिसते. तारेत इलेक्ट्रॉन पुढे सरकत असले तरी त्यांच्या ऋण प्रभाराला तोलणारा धन प्रभार तारेतच असतो. त्यामुळे तार एकंदरीत उदासीन राहते आणि हजारो कूलोम प्रभार तिच्यातून सहज वाहून जातो. येथे कूलोम हे एकक इतके लहान ठरते की, व्यवहारात त्याऐवजी मोठे एकक घ्यावे लागते. हे मोठे एकक म्हणजे अँपिअर-तास.

अँपिअर-तास आणि मिलिअँपिअर-तास

१ अँपिअर धारा १ तास वाहिली असता वाहून गेलेला प्रभार म्हणजे १ अँपिअर-तास. एका तासात ३६०० सेकंद असल्यामुळे

१ अँपिअर-तास = ३६०० कूलोम

'मिली' म्हणजे हजारावा भाग. म्हणून

१ मिलिअँपिअर-तास = ३.६ कूलोम

यावरून तीन नियम बसवता येतात. मिलिअँपिअर-तासाचे अँपिअर-तास करावयाचे असल्यास १००० ने भागावे. अँपिअर-तासाचे कूलोम करावयाचे असल्यास ३६०० ने गुणावे. कूलोमचे अँपिअर-तास करावयाचे असल्यास ३६०० ने भागावे. भ्रमणध्वनीच्या ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत ५ अँपिअर-तास, म्हणजे १८,००० कूलोम प्रभार फिरवण्याची क्षमता असते. कार्यालयातील १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या बाबतीत हाच आकडा ५,४०,००० कूलोम येतो.

'बॅटरीत प्रभार साठवलेला असतो' असे आपण बोलताना म्हणतो. काटेकोरपणे पाहता बॅटरी एकंदरीत उदासीनच असते. तिच्यातील रासायनिक क्रिया एका टोकाकडून बाहेर पडलेला प्रभार मंडलातून फिरवून दुसऱ्या टोकाकडे परत घेते. अँपिअर-तासाचा आकडा या फिरवल्या जाणाऱ्या एकूण प्रभाराचा असतो. शिक्षकांनी हा खुलासा विद्यार्थ्यांना अवश्य करावा.

इलेक्ट्रॉनच्या गणतीत

प्रभार कितीही लहान भागांत वाटता येत नाही. इलेक्ट्रॉनवरील प्रभार हा त्याचा मूळ दाणा होय. १ कूलोममध्ये सुमारे ६२,४१५ कोटी कोटी इलेक्ट्रॉनांचा प्रभार असतो. आपल्याकडील जुन्या संख्यागणनेत एकावर सतरा शून्ये म्हणजे एक परार्ध. त्या हिशेबाने १ कूलोम म्हणजे सुमारे ६२.४ परार्ध इलेक्ट्रॉन होत. परार्ध हा शब्द आपण अगणित या अर्थाने वापरत आलो आहोत, परंतु २० मिलिअँपिअर धारेवर चालणाऱ्या एखाद्या छोट्या एलईडी दिव्यातून दर सेकंदास सव्वा परार्ध इलेक्ट्रॉन जात असतात.

या गणतीला आता अधिकृत पायाही लाभला आहे. १९४८ पासून अँपिअरची व्याख्या दोन समांतर तारांमधील बलावरून केली जात असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती बदलली. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्यच कायमचे निश्चित करण्यात आले असून ते १.६०२१७६६३४ भागिले १० चा १९ वा घात इतके कूलोम आहे. अँपिअर व कूलोम ही एकके आता या मूल्यावर उभी आहेत.

जुन्या पुस्तकांतील एकके

ग्रंथालयातील जुनी भौतिकशास्त्राची पुस्तके चाळणाऱ्या शिक्षकांना आणखी दोन एकके आढळतील. सेंटिमीटर, ग्रॅम व सेकंद यांवर आधारलेल्या पद्धतीत प्रभार दोन तऱ्हांनी मोजला जाई. १ सेंटिमीटर अंतरावर ठेवलेले दोन समान प्रभार १ डाइन बलाने एकमेकांस दूर लोटत असतील, तर तो प्रभार म्हणजे एक स्थिरविद्युत एकक अथवा स्टॅटकूलोम. दुसरे एकक विद्युतधारेच्या चुंबकीय परिणामावरून ठरवलेले असून त्याला अ‍ॅबकूलोम म्हणत. त्यांचे रूपांतर असे :

१ कूलोम = सुमारे ३०० कोटी स्टॅटकूलोम
१ अ‍ॅबकूलोम = १० कूलोम

अधिक नेमका आकडा हवा असल्यास ३०० कोटींऐवजी २९९ कोटी ७९ लाख घ्यावा. हे अंक ओळखीचे वाटतील, कारण ते प्रकाशाच्या वेगाचे अंक आहेत. १ अ‍ॅबकूलोममध्ये जितके स्टॅटकूलोम असतात, तितकेच सेंटिमीटर प्रकाश एका सेकंदात कापतो. वेबर आणि कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५६ मध्ये या दोन एककांचे गुणोत्तर मोजले. प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग आहे, या मॅक्सवेल यांच्या निष्कर्षाला त्या मोजणीचा मोठा आधार मिळाला. एककांचे रूपांतर हा रूक्ष विषय समजला जातो, परंतु विज्ञानातील एका मोठ्या शोधाची वाट याच रूपांतरातून गेली आहे.

रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगावरून १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे जे मूल्य प्रसिद्ध केले, तेही स्थिरविद्युत एककात होते : ४.७७४ भागिले १० चा १० वा घात. त्याचे कूलोममध्ये रूपांतर केल्यास आजच्या मूल्यापेक्षा ते अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक कमी भरते. हवेच्या श्यानतेचा त्यांनी वापरलेला आकडा किंचित चुकीचा होता, हे नंतर उघडकीस आले. एककांची भाषा बदलल्यावाचून दोन काळांतील मोजमापांची अशी तुलना करता येत नाही.

कारखान्यातील एकक : फॅरडे

धातूवर चांदीचा किंवा तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत प्रभाराचे मोजमाप थेट मालाच्या वजनाशी जोडलेले असते. द्रावणातून जितका प्रभार न्यावा, तितक्या प्रमाणात धातू जमा होतो, हा मायकेल फॅरडे यांनी घालून दिलेला नियम होय. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे एकक, म्हणजे १ फॅरडे, ९६,४८५ कूलोमचे किंवा २६.८ अँपिअर-तासांचे असते. एवढ्या प्रभाराने १०७.८७ ग्रॅम चांदी जमा होते. यावरून १ अँपिअर-तासाला सुमारे ४ ग्रॅम चांदी, हे प्रमाण निघते. २ अँपिअर धारा ३ तास चालवली, तर ६ अँपिअर-तास, म्हणजे २१,६०० कूलोम प्रभार गेला आणि सुमारे २४ ग्रॅम चांदी बसली, असा हिशेब कारागिरास करता येतो.

विजेचे पहिले देयकही याच तत्त्वावर निघत असे. एडिसन यांच्या आरंभीच्या वीजमापकात जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असत. ठरावीक काळाने त्या काढून तोलत आणि वजनातील फरकावरून ग्राहकाने किती वीज वापरली ते ठरवत. तो मापक खऱ्या अर्थाने प्रभार मोजत होता. वीज एकाच दिशेने वाहणारी आणि तिचा दाब सर्वांना सारखा असल्यामुळे तेवढ्याने भागत असे.

आजच्या देयकावरचे 'युनिट' मात्र प्रभाराचे नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ते १ किलोवॉट-तास ऊर्जेचे माप आहे. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो. पुढे गेलेला प्रभार तितकाच मागे येतो, त्यामुळे त्याची निव्वळ बेरीज शून्य होते. काम मात्र दोन्ही फेऱ्यांत होत असते आणि आकारणी त्या कामाची असते.

प्रभार म्हणजे ऊर्जा नव्हे

येथे आपण या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याशी येतो. समजा, हजार लिटर पाणी जमिनीलगतच्या हौदात आहे आणि तितकेच पाणी उंच टाकीत आहे. राशी सारखीच असली तरी टाकीतील पाणी गावभर पोहोचते, हौदातील पोहोचत नाही. विजेमध्ये ही उंची म्हणजे विभवांतर, ज्याला व्यवहारात आपण वीजदाब म्हणतो. ते व्होल्टमध्ये मोजतात. ऊर्जेचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

अँपिअर-तास × व्होल्ट = वॉट-तास

आकाशातील विजेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सर्वसाधारण वीज कोसळते तेव्हा जमिनीकडे सुमारे १५ ते २० कूलोम प्रभार येतो. खिशातील भ्रमणध्वनीच्या बॅटरीची क्षमता याच्या कितीतरी पट, १८,००० कूलोम असते. तरीही बॅटरी हातात धरता येते आणि वीज मात्र जीव घेते. बॅटरीचा दाब चार व्होल्टच्या आसपास असून तिचा प्रभार काही तासांत सावकाश फिरतो. ढग व जमीन यांतील दाब कोटींच्या घरात असतो आणि सारा प्रभार सेकंदाहून कमी काळात मोकळा होतो. प्रभाराचा आकडा एकट्याने धोका सांगत नाही, त्याचप्रमाणे उपयोगही सांगत नाही.

दोन दरपत्रकांचे उदाहरण

समजा, एका ग्रामपंचायतीने सौर पथदिव्यांसाठी दरपत्रके मागवली. दिवा १२ वॉटचा असून तो सायंकाळी ७ पासून सकाळी ६ पर्यंत, म्हणजे ११ तास जळावा, अशी अपेक्षा आहे. एका रात्रीची गरज १२ × ११ = १३२ वॉट-तास झाली. दोन पुरवठादारांनी बॅटरीचा तपशील असा दिला :

पहिला : १२.८ व्होल्ट, १५ अँपिअर-तास
दुसरा : ३.२ व्होल्ट, ३०,००० मिलिअँपिअर-तास

कागदावर १५ कोठे आणि ३०,००० कोठे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रथम एकक सारखे करू. ३०,००० ला १००० ने भागल्यास ३० अँपिअर-तास येतात. पहिली बॅटरी ५४,००० कूलोमची आणि दुसरी १,०८,००० कूलोमची ठरते. प्रभाराच्या हिशेबात दुसरी अजूनही दुप्पट भरते. आता दाबाने गुणू. पहिलीत १५ × १२.८ = १९२ वॉट-तास ऊर्जा आहे, तर दुसरीत ३० × ३.२ = ९६ वॉट-तास. मोठ्या आकड्याची बॅटरी ऊर्जेच्या बाबतीत नेमकी निम्मी निघाली.

बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असल्याने ८० टक्केच ऊर्जा वापरावयाची असे धरू. पहिल्या बॅटरीतून सुमारे १५४ वॉट-तास मिळतील व रात्र निभावेल. दुसरीतून सुमारे ७७ वॉट-तास मिळतील आणि १२ वॉटचा दिवा सुमारे ६ तास २५ मिनिटे जळेल. सायंकाळी ७ ला लागलेला दिवा मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास विझेल. पहाटे पाण्याला निघालेल्या बाईला, रात्रपाळीहून परतणाऱ्या मजुराला किंवा आजाऱ्याला घेऊन निघालेल्या कुटुंबाला त्या दिव्याचा उपयोग होणार नाही. तपशीलपत्रकात लिहिलेले सर्व खरे असूनही गाव अंधारात राहील, कारण तुलना चुकीच्या आकड्यांची झाली.

त्याचबरोबर एका पावसाळी दिवसाची तजवीज हवी असल्यास पहिली बॅटरीही अपुरी पडेल. दोन रात्रींची गरज २६४ वॉट-तास. ८० टक्के वापर धरल्यास ३३० वॉट-तासांची, म्हणजे १२.८ व्होल्ट दाबाची सुमारे २६ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी मागवावी लागेल. मागणीपत्रात अशी अट आधीच वॉट-तासांत नमूद केल्यास सर्व दरपत्रके एका मापाने तोलता येतात.

आणखी दोन दक्षता

पहिली दक्षता जोडणीची. घट एकसर जोडले असता दाबाची बेरीज होते, अँपिअर-तास तेवढेच राहतात. समांतर जोडल्यास अँपिअर-तासांची बेरीज होते, दाब तेवढाच राहतो. ३.२ व्होल्ट आणि १५ अँपिअर-तासांचे चार घट एकसर जोडून १२.८ व्होल्ट, १५ अँपिअर-तास मिळतात. तेच समांतर जोडल्यास ३.२ व्होल्ट, ६० अँपिअर-तास मिळतात. ऊर्जा दोन्हीकडे १९२ वॉट-तासच राहते. सुट्या घटांचे अँपिअर-तास एकत्र करून एकसर जोडलेल्या बॅटरीवर मोठा आकडा दाखवला असल्यास हरकत घ्यावी.

दुसरी दक्षता वेगाची. शिसे-आम्ल बॅटरीवर 'सी-१०' किंवा 'सी-२०' असे लिहिलेले असते. १५० अँपिअर-तास, सी-२० याचा अर्थ ७.५ अँपिअर धारा २० तास मिळेल, असा आहे. तीच बॅटरी १५० अँपिअरने १ तास चालणार नाही, कारण जलद वापरात तिची क्षमता घटते. सी-१० आणि सी-२० या दोन पद्धतींनी दिलेले सारखे आकडेही म्हणून सारखे समजू नयेत.

वर्गातील एक पाठ

शिक्षकांना हा विषय खडू-फळ्यापलीकडे नेणे कठीण नाही. पुन्हा भरता येणारे १.२ व्होल्टचे, २००० मिलिअँपिअर-तासांचे तीन घट एकसर जोडून, योग्य रोध लावून, २० मिलिअँपिअरवर एक एलईडी दिवा लावावा. तो किती तास चालेल, हे विद्यार्थ्यांना आधी वहीत काढावयास सांगावे. २००० भागिले २० म्हणजे १०० तास. प्रभार ७२०० कूलोम, ऊर्जा ७.२ वॉट-तास. मग दिवा खरोखर किती तास चालतो, याची नोंद दिवसागणिक फळ्यावर ठेवावी. हिशेब आणि प्रत्यक्ष यांत फरक पडलाच, तर त्याची कारणे शोधताना विद्यार्थी पुस्तकापेक्षा अधिक शिकतील.

लक्षात ठेवण्याजोगे कोष्टक

१ अँपिअर-तास = ३६०० कूलोम
१ मिलिअँपिअर-तास = ३.६ कूलोम
१ कूलोम = १० लाख मायक्रोकूलोम
१ कूलोम = सुमारे ३०० कोटी स्टॅटकूलोम
१ अ‍ॅबकूलोम = १० कूलोम
१ फॅरडे = ९६,४८५ कूलोम = २६.८ अँपिअर-तास
१ कूलोम = सुमारे ६२.४ परार्ध इलेक्ट्रॉनांचा प्रभार

या कोष्टकातील गुणाकार-भागाकार प्राथमिक शाळेतील मुलासही जमेल. खरी गरज आहे ती आकड्यामागे कोणती राशी आहे, असा प्रश्न विचारण्याच्या सवयीची. प्रभार असेल तर दाब विचारावा, दोहोंवरून ऊर्जा काढावी आणि मगच दर पाहावा. आणेवारीच्या काळात कोष्टक खिशात ठेवणारा गिऱ्हाईक आपल्या पैशाची राखण करीत होता. ग्रामपंचायतीचा सदस्य दरपत्रकावर सही करतो तेव्हा त्याच्या हाती साऱ्या गावाचा पैसा असतो. त्या सहीपूर्वी एक गुणाकार करण्यास दोन मिनिटे लागतात आणि दिवा पहाटेपर्यंत जळणार की नाही, हे त्या दोन मिनिटांत ठरते.